कचेऱ्यांच्या भिंती आणि संगणकाच्या खिडक्या

बारामती तालुक्यातील लोणी भापकर हे गाव प्राचीन मल्लिकार्जुन मंदिर व तेथील पुष्करणी यांसाठी प्रसिद्ध आहे. अशा गावात एखाद्या कुटुंबास जमीन घ्यावयाची असेल (शेतजमिनीस खरेदीदार शेतकरीच असावा लागतो, हे वाचकांस ठाऊक आहेच), तर आज घरबसल्या संगणकावर बरेच काही पाहता येते. मात्र एका खिडकीत नव्हे. सातबारा महाभूलेखवर, दस्तनोंदणी आय-सरितामध्ये, मोजणीचा अर्ज ई-मोजणीत. जमीन एक, तिची दारे तीन.

या तीन दारांमागे तीन जुन्या कचेऱ्या उभ्या आहेत: तलाठ्याचे दप्तर, दुय्यम निबंधकाचे कार्यालय आणि भूमी अभिलेखाचे उपअधीक्षक. तिन्ही महसूल विभागाच्याच छत्राखालील. पण दप्तर वेगळे, शिक्का वेगळा. संगणक आला तेव्हा त्या भिंती जशाच्या तशा पडद्यावर उतरल्या.

अमेरिकन संगणकतज्ज्ञ मेल्विन कॉनवे यांनी हेच १९६८ साली मांडले होते. संस्थेतील माणसे परस्परांशी जशी बोलतात, तशीच त्यांच्या हातून घडणाऱ्या वस्तूची रचना होते, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय. ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’ने पुराव्याअभावी तो लेख नाकारला, मग तो ‘डेटामेशन’ मासिकात आला. पुढे फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ च्या आपल्या ग्रंथात त्यास ‘कॉनवेचा नियम’ म्हटले.

यात खरेदीदाराचे हित गुंतलेले आहे. क्षेत्र सातबाऱ्यावर असते, हद्दी नकाशात. दोहोंचा मेळ बसेलच असे नाही. किंमत मात्र सातबाऱ्यावरील आकड्यावर ठरते. कर्जाचा बोजा ‘इतर हक्क’ या रकान्यात दिसतो, परंतु तो नोंदवला गेला असेल तरच. मुदतीत दस्त नोंदला गेला म्हणून निर्धास्त झालेल्या माणसाने तो रकाना व मोजणी पाहिलेली नसते, असे पुष्कळदा घडते.

एका ठिकाणी भिंतीला दार पडले. पूर्वी सूची क्रमांक दोन घेऊन तलाठ्याकडे जावे लागे. आता नोंदलेल्या दस्ताची माहिती आय-सरितातून ई-फेरफार प्रणालीकडे जाते. हितसंबंधितांना नोटीस, हरकतीसाठी पंधरा दिवस आणि मंडळ अधिकाऱ्याचे प्रमाणीकरण हे टप्पे मात्र कायम आहेत, आणि ते असावेतही.

पेढीची गत निराळी नाही. तीन भावांची किराणा, कापड व खतांची दुकाने. प्रत्येकाने आपापला बिलिंगचा प्रोग्राम घेतला. एकच गिऱ्हाईक तिघांच्या खात्यात तीन नावांनी, आणि त्याची एकूण उधारी कोणासच ठाऊक नाही. दिवाळीच्या वहीपूजनाला बेरीज करावयास बसले की प्रोग्राम विकणाऱ्याला दोष दिला जातो. तो बिचारा दुकानानुसार प्रोग्राम देतो, घरानुसार नव्हे. ग्राहकाचे मूळ खाते कोणत्या भावाच्या ताब्यात, उधारीची मर्यादा कोण ठरवणार, हे तिघांनी एकत्र बसून ठरवले, तर कोणताही साधा प्रोग्राम चालतो. ते न ठरवता महागडा घेतला, तर दर महिन्याला याद्या जुळवण्यासाठी एक मुनीम वेगळा ठेवावा लागतो.