पीयूसीची चिठ्ठी आणि दारातला धूर

वस्तीत तपासणीला गेलो की आम्ही आधी गल्लीत उभ्या असलेल्या रिक्षा आणि मोटारसायकली बघतो. सकाळी त्या दारातच सुरू होतात आणि धूर थेट घरात शिरतो. आत बाळंतीण असते, दम्याची आजी असते.

जुन्या गाडीची पीयूसी सायलेन्सरमध्ये नळी न घालताच 'करून देणारे' भेटतात. अशी चिठ्ठी घेऊ नका, असं आमचं स्पष्ट मत आहे. दहा हजारांपर्यंतचा दंड टळेलही, पण धूर तुमच्याच लेकरांच्या छातीत जाणार.

पेट्रोल गाडीच्या तपासणीत कार्बन मोनॉक्साइड मोजतात. या वायूला रंग नाही, वास नाही. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला चिकटतो आणि प्राणवायूची जागा अडवतो. डोकं दुखतं, मळमळतं. पोटातल्या बाळालाही तो बाधतो. आकडा जास्त आला म्हणजे पेट्रोल नीट जळत नाही, म्हणजे तुमचे पैसेही धुरात चाललेत.

बहुतेक वेळा काम छोटंच असतं. एअर फिल्टर साफ करा किंवा बदला, स्पार्क प्लग बघा, कार्बुरेटर ट्यून करून घ्या. गाडी थंड नेऊ नका, दहा-पंधरा मिनिटं चालवून मग तपासायला न्या. टू-स्ट्रोक असेल तर ऑइल अंदाजाने ओतू नका. फोर-स्ट्रोक गाडी निळा धूर सोडत असेल तर इंजिन उघडावं लागतं. तो खर्च रोजच्या कमाईवरच्या घराला जड जातो, हे आम्हाला कळतं. तोवर निदान गाडी दारात सुरू करू नका, ढकलत मोठ्या रस्त्यापर्यंत न्या.