मनात लिहिलेला चौक

तलासरीकडच्या एका पाड्यावरून एक वृद्ध जोडपे माझ्या दवाखान्यात येत असे. बाईंना पक्षाघात होऊन आठ महिने झाले होते आणि उजवा हात लुळा पडला होता. पूर्वी लग्नघरी तांदळाच्या पिठाने देवचौक लिहिण्यासाठी त्यांना बोलावणे यायचे. रक्तदाब मोजताना एकदा त्या म्हणाल्या, "मनात चौक पुरा होतो, डॉक्टर, बोटांत उतरत नाय." मी हसून सोडून दिले. एवढेच नव्हे, तर "आता हाताची आशा धरू नका," असे यजमानांना सांगूनही बसलो. त्या उत्तराची मला आज लाज वाटते.

कारण मनातला चौक खरोखर मेंदूत लिहिला जात असतो. उजव्या हाताची आज्ञा मेंदूच्या डाव्या बाजूने निघते. तेथील पेशी विद्युत् ठिणग्या सोडतात. हात एका दिशेला जाणार असेल तर काही पेशी अधिक चेततात, दुसऱ्या दिशेला दुसऱ्या. पुष्कळ पेशींचा कौल एकत्र केला की हात कोठे जाऊ पाहतो, हे संगणकाला उमगते. अमेरिकेतील कॅथी हचिन्सन यांना मेंदूच्या देठात पक्षाघात झाला होता. त्यांच्या मेंदूवर लहान गोळीएवढी, 96 सुयांची चकती बसवली होती. केवळ मनाने यंत्रहात हलवून त्या सुमारे पंधरा वर्षांनी स्वतःच्या इच्छेने कॉफी प्याल्या. हे वृत्त 2012 साली प्रसिद्ध झाले. 2021 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील चमूने, ज्यात भारतीय वंशाचे कृष्णा शेनॉय होते, मणक्याच्या इजेने हात गमावलेल्या गृहस्थांचे मनातले हस्ताक्षर पडद्यावर उमटवले: मिनिटाला 90 अक्षरे!

मात्र या दोन्ही रुग्णांत आज्ञा देणारा मेंदूचा भाग शाबूत होता, वाट तुटली होती. सर्वसाधारण पक्षाघातात कधी तो भागच दुखावतो. शिवाय सुया बसवायच्या म्हणजे कवटी उघडावी लागते. डोक्यावर टोपी घालून संकेत टिपता येतात, पण कवटीतून येताना ते अस्पष्ट होतात. भिंतीपलीकडचे बोलणे ऐकावे तसे. आय.आय.टी. कानपूर येथे अशा संकेतांवर बोटे हलवणारा यांत्रिक हातमोजा विकसित झाला आहे. तो अजून घरोघरी मिळणारी वस्तू नव्हे. म्हणून कोणी "मेंदू वाचणारी" टोपी विकू लागला, तर उसने काढून पैसे देऊ नका. (चिकूच्या हंगामात हाती पैसा आला की असे विक्रेते बरोबर दारात येतात.)

त्या बाईंना मी पुन्हा बोलावले आणि चूक कबूल केली. फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने व्यायाम सुरू केला. त्यात रोज दहा मिनिटे एक जोड दिली: डोळे मिटून चौकाची एकेक रेघ मनात ओढायची आणि त्याच वेळी यजमानांनी त्यांची बोटे हलके हलवायची. हालचालीच्या कल्पनेची व्यायामाला जोड दिल्यास काहींना लाभ होतो, हमी नाही. तीन महिन्यांनी त्यांचा अंगठा तर्जनीला टेकू लागला. काडी अजून धरता येत नाही.

घरी हे करताना खांदा ओढू नका, हात उशीवर ठेवा, आणि रुग्ण कंटाळला की थांबा. यजमान मात्र एकदा रागावले, बाई मनात चुकीची रेघ काढतात म्हणून. त्यांना ते कसे कळले, हे मी विचारले नाही.