आधीचे सिझर झाले म्हणून दार बंद नाही

‘डॉक्टर, आधीचं सिझर झालंय. आता चौथा महिना संपला. गोळ्यांनी मोकळं होता येईल, की पुन्हा पोट उघडावं लागेल?’ पेठच्या दवाखान्यात हा प्रश्न दबक्या आवाजात विचारला जातो. उत्तर मात्र उघडपणे द्यायला हवे.

सिझेरियननंतर गर्भाशयावर व्रण राहतो. कळा आल्यावर तो उसवण्याची भीती असते. ती खरी आहे, पण तिचे माप माहीत हवे. एक सिझर झालेल्या स्त्रियांमध्ये दुसऱ्या तिमाहीत औषधांनी गर्भपात करताना हा प्रकार हजारात सुमारे तिघींत आढळतो. दोन किंवा अधिक सिझर असतील तर धोका वाढतो.

पूर्वी इथॅक्रिडीन हे औषध नळीने गर्भाशयात सोडत, नाहीतर पोट उघडत. आता मिफेप्रिस्टोनची गोळी व एक-दोन दिवसांनी मिसोप्रोस्टॉल, ही पद्धत रूढ आहे. त्याआधी सोनोग्राफीत वार जुन्या व्रणावर रुतलेली नाही ना, हे पाहणे अगत्याचे. रुतली असेल तर रक्तस्राव जीवघेणा ठरू शकतो. म्हणून हे काम रक्ताची व शस्त्रक्रियेची सोय असलेल्या मान्यताप्राप्त रुग्णालयातच व्हावे. दुकानातून गोळ्या आणून घरी घेणे म्हणजे जिवाशी खेळ. सावळघाट ओलांडून नाशिक गाठेपर्यंत रक्तस्राव थांबून राहत नाही.

तक्रार आम्हा डॉक्टरांविषयीही आहे. पोटावरचा व्रण दिसला की ‘इथे नको, पुढे जा’ म्हणून आपण मोकळे होतो. द्राक्षबागेच्या कामावरून परतलेली बाई आधीच उशिरा आलेली असते. दारोदार फिरण्यात आठवडे जातात आणि धोका वाढतो. कुठे जायचे, कोणते कागद न्यायचे, हे चिठ्ठीवर लिहून देणे आपले कर्तव्य आहे.

कायदा १९७१ चा. २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका, तर ठरावीक कारणांसाठी २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांचे मत लागते. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही कायदा मागत नाही. लिंग पाहून केलेला गर्भपात मात्र गुन्हाच.

भगिनींनो, सिझरचे कार्ड जपून ठेवा. छेद आडवा होता की उभा, हे त्यावरूनच कळते. आणि अडचण असेल तर लाज न बाळगता लवकर बोला. या बाबतीत गेलेला आठवडा परत मिळत नाही.