भूल देणारा डॉक्टर कुठे आहे?

तुमच्या तालुक्याच्या दवाखान्यात ऑपरेशन थिएटर आहे का, असे कुणी विचारले तर तुम्ही हो म्हणाल. फरशी आहे, टेबल आहे, मोठा दिवा आहे, उद्‌घाटनाची पाटी तर आहेच. आता पुढचा प्रश्न विचारा. रात्री दोन वाजता त्या टेबलावर अडलेली बाळंतीण आली, तर तिला भूल कोण देणार?

आपण मोर्चा नेतो तेव्हा इमारत मागतो, खाटा मागतो, सर्जन मागतो. भूलतज्ज्ञाचे नाव निवेदनात येतच नाही. कारण आपल्याला वाटते, तो नुसते झोपेचे इंजेक्शन देतो. तसे नाही. पूर्ण भूल दिली की रोग्याचा श्वास मंदावतो किंवा थांबतो. मग श्वासनलिकेत नळी घालून त्याचा श्वास हा माणूस चालवतो. म्हणजे जो सिझेरियन शक्य करतो, तोच श्वास बंद पडलेल्या माणसालाही धरून ठेवू शकतो. त्याची जागा रिकामी असली की सर्जन असूनही नसल्यासारखा, आणि तुमचा रोगी नांदेडच्या रस्त्याला लागतो.

मण्यारीचेच घ्या. पावसाळ्यात खाली अंथरूण टाकून झोपलेल्याला ती रात्री चावते. सूज नाही, फारशी आग नाही. पहाटे पोट दुखते, घरचे ओवा देतात. मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही, बोलणे अडखळते. इथून पुढे छातीचे स्नायू लुळे पडतात. सापावरची लस लवकर दिलीच पाहिजे, पण एकदा श्वास लुळा पडला की नुसत्या लसीने तो लगेच परत येत नाही. काही दिवस मशीनवर श्वास दिला तर हा रोगी बहुधा चालत घरी येतो. नाही दिला तर वाटेत जातो. त्याला सगळे ऐकू येत असते, फक्त हलता येत नसते.

फवारणीच्या विषाचेही तेच. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना वीसहून अधिक शेतकरी-मजूर गेले, ते आपण पेपरात वाचले. ते कयाधूच्या पलीकडचे गाव, आपले नव्हे, असे समजू नका. औषधे तीच, पंप तेच. या विषाने तोंडाला फेस येतो, छातीत पाणी भरल्यासारखे होते. अ‍ॅट्रोपिनने उतार पडतो. पण एक गोष्ट घरोघर सांगण्यासारखी आहे. दोन-तीन दिवसांनी, रोगी बसून चहा प्यायला लागल्यावर, काही जणांची मान लटकी पडते आणि श्वास पुन्हा बंद होतो. ‘बरं वाटतंय, घरी नेतो’ म्हणून सही करून आणलेली माणसे यातच जातात. डॉक्टर सोडत नाहीत तोवर आणू नका. कामे राहू द्या.

2023 च्या सप्टेंबरअखेरीस नांदेडच्या शासकीय रुग्णालयात 24 तासांत 24 रोगी दगावले, त्यांत 12 नुकती जन्मलेली बाळे होती. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. औषधे होती की नव्हती यावर भांडण झाले, ते व्हायलाच हवे होते. पण आपल्यासारख्या आजूबाजूच्या जिल्ह्यांचे सगळे अवघड रोगी एकाच दारात, तेही उशिरा पोचतात, याचा विचार कुणी करायचा? सेनगावकडच्या माणसाला आधी हिंगोली, मग तिथून पुढे नांदेड. कमी वजनाचे बाळ श्वासासाठी धडपडत असेल तर एवढा रस्ता त्याला झेपत नाही.

2024 मध्ये हिंगोलीला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. चांगले झाले. पण हिशेब करा. डॉक्टर व्हायला साडेपाच वर्षे, पुढे भूलशास्त्राची तीन. त्या पहिल्या तुकडीतला भूलतज्ज्ञ मिळेपर्यंत 2033 उजाडेल. तोवर काय? साध्या एम.बी.बी.एस. डॉक्टरला काही महिन्यांचे शिक्षण देऊन जीव वाचवण्यापुरती भूल शिकवायची सरकारचीच योजना आहे. खाजगी भूलतज्ज्ञाला दर केसमागे मानधन देऊन बोलावता येते. यासाठी नवी इमारत लागत नाही. लागतो तो रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत कुणीतरी विचारलेला प्रश्न: या महिन्यात किती रोगी पुढे पाठवले, आणि त्यांतले किती भूलतज्ज्ञ नाही म्हणून? सरपंच मंडळींनी आणि ग्रामसेवकांनी (आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचे) हा आकडा लेखी मागावा. समितीवर आपले लोक असतात, ते चहा पिऊन उठतात.

आणखी एक. 108 ची सेवा 2014 मध्ये सुरू झाली तेव्हा राज्यात 937 गाड्या होत्या. त्यांतल्या फक्त 233 गाड्यांत व्हेंटिलेटरची सोय होती, बाकी 704 साध्या. म्हणून फोनवर नुसते ‘पेशंट सिरियस आहे’ म्हणू नका. ‘श्वास घेता येत नाही, साप चावलाय’ किंवा ‘फवारणीचे विष आहे’ असे स्पष्ट सांगा, व्हेंटिलेटरची गाडी मागा. ती लांब असेल तर जवळची घ्या, वाट बघत बसू नका. गाडीत अंबू बॅग, म्हणजे दाबायचा रबरी फुगा, आहे का बघा. तो हाताने दाबत राहिले तरी रोगी पुढच्या दवाखान्यापर्यंत टिकू शकतो. विषबाधा असेल तर भिजलेले कपडे काढा, अंग साबणाने धुवा, मीठपाणी पाजून उलटी काढू नका, कुशीवर झोपवा. औषधाची बाटली लेबलासकट सोबत घ्या, आणि निघायच्या आधी पुढच्या दवाखान्यात फोन करून एवढेच विचारा: नळी घालणारा डॉक्टर आत्ता हजर आहे का?