जीव तोडून किती वेळा धावायचे?

डिसेंबरात वसई-विरार, जानेवारीत मुंबई मॅरेथॉन. याच हंगामात बोरिवली-मुलुंडकडे १०-२१ किलोमीटरच्या छोट्या शर्यतीही होतात. तिथे एखादा नामवंत धावपटू सरावाच्या वेगाने धावला, तर ती फसवणूक का?

शरीरशास्त्र त्याच्या बाजूने आहे. ४२.१९५ किलोमीटर जिद्दीने धावल्यावर स्नायूंतले ग्लायकोजेन काही दिवसांत भरते. दुखावलेले स्नायूतंतू सावरायला मात्र काही आठवडे लागतात. त्यात मुंबईची दमट हवा! एलिउड किपचोगेही बहुतेक वर्षी दोनच मॅरेथॉन धावला.

त्याला ते परवडते. खेड्यातून आलेल्या मुलीसाठी छोट्या शर्यतीचे बक्षीस म्हणजे बूट, खुराक आणि खोलीभाडे. ती राखून कशी धावणार? साताऱ्याच्या ललिता बाबरने २०१२ ते २०१४ मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत सलग तीनदा बाजी मारली, मग स्टीपलचेसकडे वळून २०१६च्या रिओ ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठली. पण तिच्यामागे रेल्वेची नोकरी होती.

नोकरी नसलेल्यांना आयोजकांनी ‘पेसर’ म्हणून उघडपणे मानधन द्यावे. मग बक्षिसावर त्यांचा दावा नाही आणि हळू धावण्यात लपवाछपवीही नाही.