खेळातला आवाज बदलणे : नियमभंग कुठून सुरू होतो

ऑनलाइन खेळातले आवाज आपल्या आवडीने किंवा सोयीने बदलले तर नियम मोडतो का, या प्रश्नाला दोन टोकांची उत्तरे मिळतात. एक पक्ष म्हणतो, फोन माझा, हेडफोन माझे, कानही माझे. त्यांत काय वाजावे हे सांगणारी कंपनी कोण? दुसरा पक्ष म्हणतो, खेळाच्या मूळ फाइलींना हात लावला की ती फसवणूकच. मग पावलांचा आवाज वाढवला काय आणि मेनूतले संगीत बदलले काय. दोन्ही उत्तरे सोपी आहेत आणि दोन्ही चुकीची आहेत. समोरच्या खेळाडूला मिळू शकत नाही अशी माहिती त्या बदलातून हाती लागते का आणि तो बदल कोणत्या वाटेने झाला, या दोन गोष्टींवर नियमभंग ठरतो.

गोळीबाराच्या खेळात आवाज ही निव्वळ सजावट नसते. क्राफ्टन कंपनीने जुलै २०२१ मध्ये आणलेल्या ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’त, म्हणजे बीजीएमआयमध्ये, भिंतीपलीकडे कोणी चालत असेल तर तो दिसण्याआधी ऐकू येतो. कोणत्या बाजूने, साधारण किती अंतरावरून, लाकडी फरशीवर की गवतात, हे सराईत खेळाडू पावलांवरून ओळखतात. दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये गेमिंग हेडफोनला गिऱ्हाईक असते ते काही गाणी ऐकण्यासाठी नव्हे. पण त्याच खेळात गोळीबाराचा दणका, गाडीचा घरघराट आणि आजूबाजूचा गोंगाट पावलांना झाकून टाकतात. हे झाकणेही खेळाच्या रचनेचाच भाग आहे. गोळ्या झाडणाऱ्याने आपले कान काही क्षण गमवायचे, हा तिथला व्यवहार आहे.

‘फुटस्टेप कॉन्फिग’ नेमका हाच व्यवहार मोडते. टेलिग्रामवरच्या गटांतून एक फाइल मिळते. फाइल मॅनेजर उघडून ती फोनमधल्या खेळाच्या फोल्डरात मूळ फाइलीवर पेस्ट करायची, ‘रिप्लेस’ म्हणायचे आणि मग खेळ सुरू करायचा. पावले वाढलेली आणि बंदुका दबलेल्या ऐकू येतील, असा तिचा दावा असतो. सोबत ‘अँटीबॅन’ अशी ग्वाहीही असते, ती कशाच्या जोरावर हे विचारायचे नसते. युक्ती जुनीच आहे. सायबर कॅफेच्या काळातल्या ‘काउंटर-स्ट्राइक १.६’मध्ये पावलांचे आवाज ‘पीएल स्टेप’ नावाच्या साध्या वाव फाइलींत उघड्यावर पडलेले असत. त्यांच्या जागी त्याच नावाची अधिक खणखणीत फाइल ठेवली की काम झाले.

आता पहिला पक्ष. ‘माझे यंत्र, माझे कान’ हा युक्तिवाद एकट्याने खेळायच्या खेळात बिनतोड आहे. तिथे राक्षसाच्या गर्जनेऐवजी कुकरची शिटी वाजवली तरी कोणाचे काही बिघडत नाही. ऑनलाइन सामन्यात मात्र दुसऱ्या टोकाला माणूस असतो आणि त्याने सामना स्वीकारलेला असतो तो दोघांना एकच मैदान मिळेल या गृहीतावर. शिवाय बीजीएमआयसारखा खेळ कोणी विकत घेत नाही. अटी मान्य करून तो वापरण्याची परवानगी घेतो, आणि खेळाच्या फाइलींत फेरफार करायचा नाही ही त्यांतली नेहमीची अट आहे. न वाचता ‘मान्य’वर बोट ठेवले म्हणून ती अट गळून पडत नाही.

या पक्षाची पुढची फळी अशी : नियमात आवाजाचा स्पष्ट उल्लेख नाही, आणि जे मना केलेले नाही ते चालते. याला क्रिकेटमध्ये सणसणीत उत्तर मिळालेले आहे. १५ मे १९९९ रोजी होव्ह येथे विश्वचषकाच्या भारत–दक्षिण आफ्रिका सामन्यात कर्णधार हॅन्सी क्रोनिए आणि गोलंदाज अ‍ॅलन डोनाल्ड कानात छोटे यंत्र लावून उतरले. प्रशिक्षक बॉब वूल्मर पॅव्हिलियनमधून त्यांच्याशी बोलत होते. क्रिकेटच्या नियमांत कर्णयंत्राला मनाई नव्हती. तरीही सामनाधिकारी तलत अली यांनी ते काढायला लावले आणि आयसीसीने उरलेल्या स्पर्धेत त्याला बंदी केली. सामना आफ्रिकेनेच जिंकला, तो भाग वेगळा. यंत्रामुळे कोणी अधिक जोरात चेंडू टाकला नव्हता की अधिक लांब फटका मारला नव्हता. फक्त एका बाजूच्या कानांपर्यंत दुसरीला न मिळणारी माहिती पोहोचत होती. आक्षेपाला तेवढे पुरले.

दुसऱ्या पक्षाचा दोष उलटा. आवाजातला प्रत्येक बदल त्याला पाप वाटतो. पण खेळ बनवणाऱ्या कंपन्याच असे बदल देतात, इतकेच नव्हे तर विकतातही. ‘काउंटर-स्ट्राइक : ग्लोबल ऑफेन्सिव्ह’मध्ये २०१४ पासून संगीताचे संच विकत मिळू लागले. बीजीएमआयमध्ये नामवंतांच्या आवाजातले संदेश येतात. ‘माइनक्राफ्ट’मध्ये रिसोर्स पॅक घालून जवळजवळ प्रत्येक आवाज बदलता येतो, आणि ती सोय खेळातच आहे. वॉल्व्हच्या ‘टीम फोर्ट्रेस २’मध्ये नेम लागल्यावर वाजणारा आवाज खेळाडूने आपल्या पसंतीची फाइल ठरलेल्या नावाने ठेवून बदलायचा असतो. फाइल बदलणे हेच जर पाप असेल, तर इथे खुद्द कर्त्यानेच त्याची दीक्षा दिली आहे.

कमी ऐकू येणाऱ्या खेळाडूंचा मुद्दा तर याहून वजनदार. ‘फोर्टनाइट’मध्ये आवाजाची दिशा पडद्यावर खुणांनी दाखवण्याचा पर्याय आहे. माइनक्राफ्टमध्ये आवाजांची उपशीर्षके बाणासकट उमटतात. बीजीएमआयच्या मिनीमॅपवरही पावलांच्या आणि गोळीबाराच्या खुणा दिसतात. म्हणजे कानाची माहिती डोळ्यांना देणे हेसुद्धा आपोआप गैर ठरत नाही. हे पर्याय सर्वांच्या सेटिंगमध्ये असतात, हवे त्याने सुरू करावेत.

खरी अडचण इक्वलायझरपाशी येते. हेडफोनच्या किंवा विंडोजच्या सेटिंगमधून बारीक आवाज वर आणि दणके खाली करता येतात, आणि त्याला सहसा कोणी हरकत घेत नाही. मग तोच परिणाम फाइलीतून साधला तर गुन्हा का? हा दोन्ही बाजूंकडून आलेला सर्वांत नेमका प्रश्न आहे, आणि त्याला ‘नियम तसा आहे’ एवढे उत्तर पुरत नाही. इक्वलायझर खेळाने कानाकडे पाठवलेल्या तयार मिश्रणावर काम करतो. पावले वर आली की त्याच पट्टीतली पानांची सळसळ आणि काडतुसे भरण्याची खटखटही वर येते. नको ते वेगळे काढता येत नाही. फाइल बदलणारा मात्र मिश्रण होण्याआधीच हात घालतो. पावलांच्या जागी गजर आणि वाऱ्याच्या जागी शांतता ठेवणे त्याला शक्य असते. एकात श्रवण सुधारते, दुसऱ्यात मैदानच बदलते. सीमारेषेवरची काही उदाहरणे तरीही वादग्रस्त राहतील, हे मान्य करायला हरकत नाही.

कॉपीराइटचे हत्यारही कधीकधी उगारले जाते : ध्वनिरचनाकाराची कलाकृती विद्रूप होते म्हणे. भारतात कर्त्याचा हा हक्क कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ मध्ये आहे, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने शिल्पकार अमरनाथ सहगल यांच्या खटल्यात २००५ मध्ये तो ठासून मांडला. विज्ञान भवनातले त्यांचे ब्राँझचे भित्तिशिल्प सरकारने काढून मोडक्या अवस्थेत टाकले होते. पण तिथे सार्वजनिक वास्तूतली एकमेव कलाकृती नष्ट झाली होती. स्वतःच्या हेडफोनमध्ये आवाज बदलून ऐकणाऱ्याला त्या पंगतीत बसवणे ओढूनताणून आहे. बदललेल्या फाइली दुसऱ्यांना वाटल्या किंवा विकल्या, तर मात्र गोष्ट वेगळी.

म्हणून तीन प्रकार एकमेकांत मिसळू नयेत. खेळातले पर्याय, हेडफोन, इक्वलायझर यांत नियमभंग नाही. माहिती उपसण्यासाठी फाइल बदलणे ही फसवणूक. आणि केवळ हौसेने, समजा सामन्यातल्या इंग्रजी सूचनांच्या जागी मराठी आवाज घालण्यासाठी, मना केलेल्या फाइलीला हात लावणे हा अटीचा भंग आहे, फसवणूक नाही. हा तिसरा प्रकार सर्वांत जास्त अन्याय सोसतो, कारण तपासणाऱ्या प्रणालीला फाइल बदलल्याचे कळते, हेतू कळत नाही.

शिक्षाही त्या मापाने हवी. ऑक्टोबर २०१८ मध्ये शांघायच्या स्पर्धेत ऑप्टिक इंडिया या संघाचा एक खेळाडू नेम आपोआप धरणारा प्रोग्राम ‘वर्ड’ असे निरुपद्रवी नाव देऊन वापरताना पकडला गेला. संघ बाद झाला, विसर्जित झाला, खेळाडूवर पाच वर्षांची बंदी आली. ती योग्यच होती. पण मेनूतले संगीत बदलणाऱ्याला त्याच यादीत टाकणारी व्यवस्था कठोर नसते, आळशी असते.

वॉल्व्हने यावर जुनाच पण शहाणा तोडगा काढलेला आहे. त्यांच्या खेळांत सर्व्हरचालक ‘एसव्ही प्युअर’ ही तपासणी सुरू करतो. खेळाडूने बदललेल्या फाइली मग बाजूला राहतात आणि मूळच्याच वापरल्या जातात. कोणत्या फोल्डरांत मोकळीक द्यायची याची यादीही चालकाला करता येते. बदल निष्प्रभ होतो आणि कोणाचे खाते जात नाही.

स्पर्धांमध्ये हे अधिक काटेकोर लागते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने ई-स्पोर्टच्या व्याख्येतच पूर्वनिश्चित नियमांची अट घातली आहे. तेव्हा गुरुग्रामच्या नॉडविनसारख्या आयोजकांना आणि क्राफ्टनसारख्या कंपन्यांना ‘अनधिकृत फेरफार’ या दोन शब्दांवर भागवता येणार नाही. इक्वलायझर चालतो का, कोणते ध्वनिपर्याय बंद राहतील, कोणत्या फाइली तपासल्या जातील, पहिल्या चुकीला ताकीद की बंदी, हे सामन्याआधी लिहून द्यावे लागेल. मंचावरच्या अंतिम फेरीत यंत्रे आयोजकाने दिली तर प्रश्न तिथेच मिटतो. पात्रता फेऱ्या घरोघरच्या फोनवरून खेळल्या जातात, आणि तिथे या लेखी नियमाखेरीज खेळाडूला आणि पंचालाही दुसरा आधार नसतो.