मान कुणाच्या हाती द्यायची?

एमआरआयच्या रिपोर्टात ‘डिस्क बल्ज’ असं दिसलं की घरातल्यांचे चेहरे उतरतात. ‘मणक्यात गॅप आलीय’, ‘नस दबलीय’ असं जो तो सांगू लागतो. मग चकती ‘बसवून’ देणाऱ्याचा शोध सुरू होतो. आधी एक गोष्ट लक्षात घ्या. जपानमध्ये मानेची काहीच तक्रार नसलेल्या १,२११ जणांचे एमआरआय काढले होते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ८७.६ टक्के लोकांची चकती फुगलेली आढळली. नुसत्या रिपोर्टावर उपचार ठरवायचे नसतात.

नस खरोखरच दबली असेल तर कळ खांद्यावरून दंडात, तिथून बोटांपर्यंत उतरते, मुंग्या येतात. तरीही बहुतेकांना काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत आराम पडतो. बाहेर आलेला चकतीचा भाग अनेकदा आपोआप आक्रसतो.

फिजिओथेरपिस्ट हलक्या हाताने मणके सैल करतात, मान ताणतात, तेव्हा बरं वाटतं आणि ते बरं वाटणं खोटं नसतं. पण हाताने चकती जागेवर बसत नाही. दुखणं काही काळ दबतं, आखडलेले स्नायू सुटतात. या सवलतीच्या काळात व्यायाम सुरू झाला तरच तिचा उपयोग. अमेरिकेत मिनेसोटात २७२ जणांवर झालेल्या, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मणक्यांवरचे हाताचे उपचार औषधांपेक्षा सरस ठरले. मात्र तासाभराच्या दोन भेटींत शिकवलेला घरचा व्यायाम त्यांच्या बरोबरीला उतरला. ते रुग्ण साध्या मानदुखीचे होते, हे खरं. नस दबलेल्यांसाठी दोन्हींची जोड द्यावी. पण भिस्त व्यायामावरच हवी, असं माझं ठाम मत आहे.

व्यायामही साधेच असतात. ताठ बसून, नजर समोर ठेवून हनुवटी सरळ मागे ओढायची, काही क्षण धरायची, सोडायची. तळहात कपाळावर ठेवून डोक्याने त्यावर हलका दाब द्यायचा, मान मात्र हलू द्यायची नाही. हातातली कळ मानेकडे परतू लागली तर दिशा बरोबर. बोटांकडे उतरू लागली तर तिथेच थांबा.

सलूनमध्ये मालिश झाल्यावर मान कडकन मोडून घेणं मात्र कायमचं बंद करा. मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांतल्या छिद्रांतून जातात. झटक्याने धमनीचं अस्तर फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणं दुर्मिळ असली तरी खरी आहेत.

हातातून वस्तू निसटणं, शर्टाची बटणं लावता न येणं, चालताना तोल जाणं, लघवीवरचा ताबा सुटणं, यातलं काहीही दिसलं तर मालिश नाही, व्यायाम नाही. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

एरवी पुढच्या सिटिंगला एवढंच विचारा: घरी कोणता व्यायाम करू, किती वेळा आणि कसा? उत्तराऐवजी आणखी सिटिंगचं पॅकेज पुढे आलं, तर दुसरा फिजिओथेरपिस्ट शोधा.